खोड कोणाच्या वाट्याचं

भोक नेमकं बेचक्यात निघालं, म्हणून भांडण पेटलं.

मखमलाबादच्या त्या घराच्या परसातला पेरू कंबरेएवढ्या उंचीवर दोन मोठ्या फांद्यांत फुटला होता. सहादू आणि भिकन या दोघा भावांनी मधे भिंत घालून घर वाटून घेतलं, तेव्हा पेरूही वाटला. उगवतीची फांदी थोरल्या सहादूची, मावळतीची धाकट्या भिकनची. पंच खूश, भाऊ खूश. खोडाचं कोणी नावच काढलं नाही. खोडाला कुठे पेरू लागतात?

अळीला मात्र खोडच गोड लागलं. सालीवर भुशाची जाळी, जाळीखाली भोक, भोकात अळी. दिवसा आत निजायचं, रात्री बाहेर येऊन साल खायची. बहात्तरच्या दुष्काळात तगलेलं झाड आता शेंड्याकडून वाळत चाललं होतं. दोन्ही बाजूंनी सारखंच. वाटणी म्हणावी तर ही.

सहादूनं आपल्या फांदीवरच्या भोकांत तार खुपसून अळ्या टोचल्या, रॉकेलमध्ये बुडवलेले चिंध्यांचे बोळे कोंबले, वरून चिखल लिंपला आणि बेचक्याशी येऊन हात आखडला. भिकननं आपल्या बाजूनं तेवढंच केलं आणि तोही तिथंच थांबला.

"घाल की बोळा," सहादू म्हणाला.

"मी का म्हनून? भोकाचं तोंड तुझ्याकडं हाय."

"तोंड माझ्याकडं, पन बीळ तुझ्याकडं गेलंय. तार घालून बघ. अळी तुझ्यात निजती."

"निजती माझ्यात अन् खाती तुझं! मग तर तूच घाल."

सहादूची बायको धोंडाबाई रॉकेलची बाटली पदराखाली धरून उभी होती. "एक थेंब द्यायचा नाय सांगते. रांगेत उभं राहून मी आनलंय, त्यांच्या झाडाला नाय."

"ठेवा वहिनी, ठेवा," भिकन म्हणाला. "झाड मेलं की सरपनाला वता."

"मेलं तर तुझ्यापायी मरंल!" सहादू ओरडला. त्यानं तार जमिनीवर आपटली.

ओट्यावर कुसाबाई बसली होती. या दोघांची मधली बहीण. सकाळच्या एसटीनं येवल्याहून आली होती. खरं तर बोलावून आणली होती. बापाच्या मळ्यावरचा आणि या घरावरचा हक्क आपण राजीखुशीनं सोडला, असा अंगठा तिनं उद्या तलाठ्यापुढे द्यायचा होता. एवढ्या एका कामात भावांचं एकमत होतं. तिच्यासाठी लुगडंही दोघांनी मिळून आणलं होतं. सुती, विरळ विणीचं. कुसाबाई येवल्यात पैठणीच्या मागवाल्यांकडे रेशमाच्या कांड्या भरायला जायची. तिनं लुगड्याचा काठ एकदाच चिमटीत धरून पाहिला होता आणि घडी मांडीवर ठेवली होती.

"कुसे, तूच सांग," सहादू तिच्याकडे वळला. "बाप असता तर काय बोलला असता? हे भोक कोनाचं?"

कुसाबाई उठली. लुगडं काखेत धरून झाडापाशी आली.

"खोड कोनाच्या वाट्याला गेलं?"

भाऊ एकमेकांकडे बघू लागले.

"खोड काय, दोघांचं," भिकन म्हणाला.

"मग घाला दोघं बोळा."

कोणी हललं नाही. बाटलीवरची धोंडाबाईची मूठ तेवढी घट्ट झाली.

"म्हंजी कोनाचंच नाय," कुसाबाई म्हणाली. "ह्याला पेरू पायजेत, त्याला बी पेरू पायजेत. वाटून झाल्यावर जे कोनालाच नको, ते लेकीचं. हाय का नाय? मग खोड माझं."

"आक्का, अगं इनोद करती का?" भिकन हसायला गेला.

"सरक."

तिनं तार उचलली आणि भोकात घालून अशी काही गरकन फिरवली, की सहादू स्वतःच एक पाऊल मागे सरला. तार बाहेर आली तेव्हा टोक ओलं होतं. मग तिनं नव्या लुगड्याचा पदर दातात धरला आणि टर्रकन फाडला.

"अहो वन्सं, नवं लुगडं!" धोंडाबाई किंचाळली.

"माझ्याच हक्काच्या बदल्यात आनलंय ना? मग मी फाडंन न्हाय तर जाळंन. बाटली द्या."

धोंडाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा बहिणीच्या हातातल्या तारेकडे पाहत होता. बाटली पदराखालून निघाली.

कुसाबाईनं चिंधीचा बोळा केला, रॉकेलनं चिंब भिजवला, बोटानं आत आत कोंबला. पायाजवळच्या चिखलाचा गोळा उचलून भोकावर थापला. त्यावर अंगठा ठेवला आणि सगळं अंग टाकून दाबला. दाबून धरला. मनगटावरची शीर तटतटली.

अंगठा उचलला तेव्हा ओल्या चिखलात त्याची रेघ न् रेघ उठली होती.

"हा घ्या अंगठा," ती म्हणाली. "उद्या तलाठ्याला हितंच घेऊन या."