उजवे हात बांधलेले

"मी आज फक्त बघणार," श्रीरंगने दारातच सांगून टाकलं. पक्षाघातानंतर पाच महिन्यांनी तो मित्रांच्या खेळाला आला होता. उजवा हात त्याने खिशात घालून ठेवला होता.

दर रविवारी हेमांगी साहसकथा रचून सांगे आणि बाकीचे तिघे, म्हणजे श्रीरंग, पराग आणि शर्वाणी, त्यातली पात्रं होऊन फासा टाकत. सुरुवात ठरलेली असे: धर्मशाळा, शेकोटी, एक अनोळखी म्हातारा.

"म्हाताऱ्याला आत घेऊ का?" परागने आधीच विचारलं.

"म्हातारा वारला," हेमांगी म्हणाली. "तुम्ही तिघे तळघरात कैद आहात. प्रत्येकाचा उजवा हात साखळीने भिंतीला जखडलाय. पात्राला जे जमत नाही, ते आज खेळणाऱ्यालाही नाही. उजवे हात पाठीमागे घ्या."

"तिघे?" श्रीरंग म्हणाला. "मी बघायला आलोय."

"मग तळघरातून बघ."

परागने डाव्या हाताने फासा टाकला, तो चहाच्या कपात पडला. शर्वाणीचा सोफ्याखाली गेला.

"हे काय माणसाचं काम आहे?" पराग वैतागला.

श्रीरंगला हसू आवरेना. त्याने डाव्या हाताने फासा उचलला, बोटांवर तोलला आणि पटाच्या मधोमध टाकला. सुटकेपुरता आकडा पडला.

"तुला कसं जमलं रे?" परागने विचारलं.

"पाच महिने दाढी ह्याच हाताने करतोय," तो म्हणाला. "बोला, आधी कोणाची साखळी तोडू?"