बिनधोक भेट

आयसीयूच्या दारावरच्या यंत्राने पेठकरांच्या मुलीला तिसऱ्यांदा परत पाठवलं. तिने माइकमध्ये नुसतं "बाबा" म्हटलं, तर आत बेशुद्ध असलेल्या पेठकरांची साखर साठने उसळली. असे चढउतार जिवावर बेततात, म्हणून ज्याच्या आवाजाने पेशंटची साखर हलेल त्याला आत सोडायचं नाही, असा आता सगळीकडेच नियम होता.

"माझ्या आवाजाने तर ऐंशीने चढली," बाकावर बसलेला पेठकरांचा धाकटा भाऊ डोळे पुसत म्हणाला. त्याच्या सांगण्यात थोडा अभिमानही होता.

"काकू, तुम्ही जा," सिस्टर पेठकरांच्या बायकोला, कुमुदिनीबाईंना म्हणाली. "तुमच्या आवाजाने काकांची साखर जराही हलत नाही. नशीबवान आहात."

कुमुदिनीबाई आत जाऊन स्टुलावर बसल्या. समोरच्या पडद्यावर आकडा होता एकशे बेचाळीस.

"अहो, आज नळाला पाणीच आलं नाही."

एकशे बेचाळीस.

"घरात करमत नाही हो मला. तुम्ही होतात तेव्हाही करमत नव्हतं."

एकशे बेचाळीस.

त्यांनी दाराकडे पाहिलं. कोणी ऐकत नव्हतं. मग त्या नवऱ्याच्या कानाशी वाकल्या आणि एक्केचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच त्यांनी त्याला नावाने हाक मारली.

"दामोदर."

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. आकडा तोच होता. त्याच्याखाली हिरवी अक्षरं उमटली: 'भेट बिनधोक आहे. हवा तितका वेळ बसावे.'