मेन स्विच

“आता बघा डॉक्टर,” म्हणत हयवदनअण्णांनी रबरी फुगा दाबला. ताटलीतल्या बोकडाच्या हृदयात मिठाचं पाणी शिरलं आणि शेजारच्या डब्याच्या हिरव्या पडद्यावर रेघ उसळली. फुगा सोडला, रेघ खाली. “आत घातलेल्या या नळीच्या टोकाला सेन्सर आहे, तांदळाच्या कणीएवढा. परदेशी नळीपेक्षा बारीक. आणि डबा बॅटरीवर चालतो, कुठंही न्या.”

डॉक्टर रघुनंदन वाकून बघत होते. ते अण्णांच्या आत्याचे जावई, म्हणजे सगळा घरचाच मामला. सोमवारी मथुरक्कांचं ऑपरेशन झालं की आयसीयूत हीच नळी त्यांच्या हृदयात राहणार होती, आतला दाब कळत राहावा म्हणून. मथुरक्का राजाजीनगरच्या शाळेतल्या बाई. अण्णांकडे नोकरीला असलेल्या स्मृतीला पाढे त्यांनीच शिकवले होते.

स्मृती कोपऱ्यात उभी राहून धुमसत होती. सेन्सर तिनं केलेला. त्यावर तिनं वर्खासारखं पातळ धातूचं कवच चढवलं होतं. भिंतीतल्या तारांचा करंट माणसाच्या अंगापर्यंत पोचतो, तो सेन्सरला लागू नये म्हणून. कवचामुळे नळी जरा जाड झाली, एवढाच तिचा गुन्हा. अण्णांनी तिला न विचारता कवच उतरवलं आणि वर म्हणाले, “बघ, ठोके आता कसे ठसठशीत दिसतात.”

तिनं सांगून पाहिलं होतं. त्यावर उत्तर काय, तर घरचं घरात ठेवावं, आपल्या माणसाची आब राखावी. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतली ही शेड अण्णांनी कष्टानं उभी केली, तिला नोकरी दिली, हे सगळं खरं. पण म्हणून मथुरक्कांच्या जिवाशी खेळ करायचा? आणि वर ही मखलाशी, की मथुरक्का आपल्याच आहेत, म्हणून पहिला मान त्यांना. असला मान कुणाला हवाय.

मघापासून एक गोष्ट तिच्या डोळ्यांत खुपत होती. अण्णा फुगा दाबत होते ते पडद्याकडे बघून. रेघ वर जायला लागली की त्यांची मूठ आवळायची. त्यांना स्वतःलाही ते कळत नव्हतं.

“अण्णा,” ती पुढे झाली, “स्वल्प, जरा हात काढा.”

“का?”

“काढा तर खरं.”

डॉक्टर बघत होते, म्हणून अण्णांनी फुगा ताटलीत ठेवला. ठोके चालूच राहिले. एकसारखे, ठसठशीत.

“आतलं पाणी हलतंय अजून,” अण्णा म्हणाले.

सगळे थांबले. पाणी केव्हाच स्थिर झालं. सकाळी खाटकाकडून आणलेलं ते हृदय ताटलीत गप्प पडलं होतं, आणि पडद्यावर मात्र धडधडत होतं.

“हे काय आहे?” डॉक्टरांनी स्मृतीला विचारलं.

“भिंतीतला करंट आहे, डॉक्टर. ट्यूबलाइटखाली लेथ जोरात फिरतो, तरी डोळ्याला हळू फिरल्यासारखा दिसतो की नाही? तसंच आहे हे. करंटची धडधड आणि आमच्या डब्याची वाचायची गती जवळजवळ सारखी. जो थोडा फरक उरतो, तो नाडीसारखा दिसतो.”

“पुरे, स्मृती.” अण्णांचा आवाज चढला. “डॉक्टर, पोरगी हुशार आहे, पण तिला वाटतं सगळं तिलाच कळतं. चार लोकांत कसं बोलावं एवढं शिकली नाही.”

स्मृतीचे कान तापले. या घटकेला गप्प बसले तर जन्मभर गप्प बसावं लागेल, असं तिला वाटलं. ती सरळ दाराजवळ गेली आणि मेन स्विचचा खटका खाली ओढला.

ट्यूबलाइट गेल्या. पंखे रेंगाळत थांबले. अंधाऱ्या शेडमध्ये बॅटरीवरचा तो पडदा तेवढा हिरवा राहिला, आणि त्यावरची रेघ आडवी झाली होती.

अण्णा रेघेकडे बघत राहिले, मग त्यांनी नजर खाली वळवली.

स्मृतीनं खटका वर केला. ट्यूबलाइट लुकलुकल्या, पंख्यांनी वेग घेतला, आणि ताटलीतलं मेलेलं हृदय पडद्यावर पुन्हा ठोके द्यायला लागलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. पुसायला रुमाल घेतला, पण पुसला नाही.

“हयवदन,” ते हळू आवाजात म्हणाले, “आमच्या आयसीयूत जनरेटर आहे. तिथं करंट कधी जात नाही. मथुरक्कांचं हृदय थांबलं, तरी पडद्यावर ठोके दिसतच राहतील.”