पासिंग

व्हॅनच्या पुढच्या दिव्याची काच पांढरीफटक पडली तसा चादरवाल्यानं हात थांबवला. म्हणायला काच, होतं प्लास्टिकच. तासाभरापूर्वी ते पिवळट होतं, आता साबणाच्या पाण्यासारखं झालं होतं. आतला बल्बही दिसेना. त्यानं हातातला घासायचा वॉटर पेपर बादलीत टाकला, गुडघ्यांवर हात टेकत उठला आणि मनात म्हणाला, चला, सुटलो.

चादरवाला हे काही त्याचं नाव नव्हे. बावीस वर्षं तो हॉटेलांमधली मळक्या चादरी-टॉवेलांची गाठोडी आपल्या व्हॅनमधून लाँड्रीत नेत होता आणि धुतलेली परत पोचवत होता. पहाटे साडेचारला उठायचं, पाठीवर गाठोडी घेऊन चार-चार जिने उतरायचे. त्यात टॉवेल ओले असले तर विचारूच नका. कंबरेचा पार भुगा झाला होता. हल्ली जिना दिसला की तो आधी कठड्याला टेकून उभा राहायचा.

त्याला थांबायचं होतं. एवढीच गोष्ट होती, आणि तीच कुणाला सांगायची सोय नव्हती. आडवं आलं होतं त्याचंच तोंड. धाकट्या भावानं पन्नाशीत नोकरी सोडली तेव्हा यानं चारचौघांत त्याची टर उडवली होती. "मी नाही बाबा असा घरात बसणार. माझा शेवटचा श्वास स्टिअरिंगवरच!" सगळे हसले होते. बायको सगळ्यांत मोठ्यानं हसली होती. आता ते शब्द मागे घ्यायचे म्हणजे भावासमोर नाक घासायचं. त्यापेक्षा गाठोडी परवडली.

मग गेल्या आठवड्यात गाडी आरटीओत पासिंगला गेली. ब्रेक ठीक, धूर ठीक, टायर ठीक. तपासणाऱ्या साहेबानं दिवे लावायला सांगितले. समोरच्या भिंतीवर काजव्याएवढा उजेड पडला. "सोमवारी काचा साफ करून आणा," साहेब म्हणाला, "नाहीतर गाडी बंद."

गाडी बंद. हे दोन शब्द चादरवाल्याला किती गोड लागले म्हणून सांगू! आपण थकलो असं आता कुणाला सांगायला नको. गाडी थकली म्हणायचं. बिचाऱ्या गाडीला कोण नावं ठेवणार?

पण घरी बायकोनं कंबर कसली. त्याच संध्याकाळी ती स्वतः रंगाच्या दुकानात गेली आणि चार वॉटर पेपर नि चकाकी आणायला रबिंगचा डबा घेऊन आली. दुकानदारानं कागदांच्या पाठीवर एक ते चार आकडे घालून दिले होते, त्याच क्रमानं घासायचे म्हणून. दुसऱ्या दिवशी तिनं सीटची कव्हरं काढून धुतली. तिसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याला बोलावून मागच्या दाराचा पोचा काढून घेतला. ही बाई आपल्याला आणखी दहा वर्षं जुंपणार, असं चादरवाल्यानं ओळखलं. रविवारी दुपारी जेवण झाल्या झाल्या तिनं बादली त्याच्या पुढ्यात ठेवली. "अहो, लावा हात."

त्यानं लावला. पण एकच कागद लावला. हे काम केलेला कुणीही सांगेल, पहिला खरखरीत कागद काच आधी बिघडवतो आणि पुढचे मऊ कागद ती सुधारतात. मधेच सोडलं तर होती त्याहून वाईट. चादरवाल्याला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर तो पहिल्यावर थांबला होता.

"अगं, जरा बाहेर ये," त्यानं चेहरा पाडून हाक मारली. "वाट लागली बघ. काच गेली कामातून."

ती बाहेर आली. काच पाहिली. पुडक्यातले तीन कोरडे कागद पाहिले. तिनं स्टूल ओढलं, दोन नंबरचा कागद भिजवला आणि घासायला बसली. तिचं उजवं मनगट वर्षभर धरलेलं होतं. ते डाव्या हातानं सावरून ती घासत राहिली. पांढरं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं.

चादरवाला पायरीवर बसून बघत होता. तिसऱ्या कागदाला बल्ब अंधूक दिसू लागला. चौथ्याला बल्बमधली तार दिसली. तिनं जुन्या बनियनचा तुकडा घेतला, त्यावर रबिंग लावलं आणि गोल गोल फिरवू लागली. काच उजळत चालली तसा याचा जीव खाली खाली चालला. त्याला पहाटेचा गजर भर दुपारी ऐकू येऊ लागला. आणि तिच्या मनगटाकडे बघवत नव्हतं ते वेगळंच. स्वतःची त्याला मनापासून लाज वाटली.

"पुरे," तो म्हणाला.

ती थांबली नाही.

"पुरे म्हणतो ना! नको घासूस. मी थकलोय गं. मला नाही चालवायची ही गाडी आता."

बोलून गेला आणि मान खाली घालून बसला. ती आता हसेल, चारचौघांत हसली होती तशी, याची वाट बघू लागला. पण कपडा काचेवर फिरतच होता.

"दोन वर्षं झाली, तुम्ही हे कधी बोलताय याचीच वाट बघतेय," ती म्हणाली. "मंगळवारी एक जण बघायला येणार आहे. आंधळी गाडी विकत कोण घेईल?"