सव्वादोनचं माप

सव्वादोनची चौथी बांगडीही पिचली, तेव्हा द्वारका कासारणीने कुंदाचा हात सोडलाच नाही. पंधरा वर्षं या हाताला हेच माप बसत आलं होतं. अंगावर चढलेलं मांस दाबलं की दबतं. इथे तर हाडच रुंदावलं होतं.

“चपलेचा नंबरही वाढला का गं?”

“हो! तुम्हाला कसं कळलं, मावशी?” कुंदा हसली. दातांत नव्या फटी होत्या.

द्वारकेच्या नणंदेचा हातही असाच वाढला होता. ‘सुख मानवलंय’ म्हणत द्वारका तिला मोठं माप भरत राहिली. डॉक्टरांना मेंदूतल्या ग्रंथीवरची गाठ सापडली, तोवर नणंदेची नजर कडेकडून विझत आली होती.

“बांगड्या राहू देत. आधी डॉक्टरकडे जा.”

“काहीतरीच तुमचं!” म्हणत कुंदा उठली आणि तिच्या धक्क्याने शेजारची काचेची पेटी कोसळली.

“अगंबाई! एवढी मोठी पेटी, दिसलीच नाही मला.”