सडकेची चाकं

चेअरमनसाहेब, तुम्ही खोटं बोललात. चारा छावणीपर्यंत डांबरी रस्ता झाला, असं सोसायटीच्या सभेत छातीठोक सांगितलंत. म्हणून मी गुरांच्या डॉक्टरबाईंच्या उंच मोटारसायकलची तारांची चाकं काढून सडकेवर पळणारी ओतीव अलॉयची बसवली. आज छावणीत पारूबाईची गाय अडली. डॉक्टरबाई निघाल्या, औषधाची पेटी धरून मी मागं. मांजरसुंब्याचा फाटा सोडला, डांबरच संपलं. पुढं नुसती खडी. पुढचं चाक धोंड्यावर आदळून चेपलं. “ठोकून सरळ कर, ज्ञानोबा!” “तारांचं असतं तर ठोकलं असतं, बाई. ह्याला तडा गेला, संपलं.” “मग बघतोस काय? पळ!” पेटी डोक्यावर घेऊन चार किलोमीटर पळालो, बाई मागोमाग. पोचलो तेव्हा गाय मेली होती. वासराचे दोन पाय बाहेर. पारूबाई मलाच म्हणाली, “लई उशीर केला, भाऊ.” साहेब, पायी या, तिला सांगा: उशीर कुणी केला?