ताईचे चोवीस पॉइंट

आशियाई स्पर्धेत ताई भारताकडून बास्केटबॉल खेळून आली. वेबसाइटवर तिच्या नावापुढे चार मॅचचे मिळून शून्य पॉइंट होते. गल्लीतल्या काकांनी तेवढंच वाचलं आणि विचारलं, "काय गं, नुसती फिरून आलीस?" उद्यापासून सरावाच्या कॅम्पला जायचं नाही, असं ताईनं त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं.

धाकटी चिमी भडकली. काकांवर, वेबसाइटवर आणि सगळ्यात जास्त ताईवर. तिनं कॅलेंडरचं जुनं पान ताईपुढे आपटलं. "हे माझं स्कोअरशीट. चारही मॅच मोबाइलवर तीन-तीनदा बघितल्यात. कॅप्टनच्या एकसष्ट पॉइंटांतले चोवीस, तिला अडवायला धावणाऱ्या पोरीपुढे तू भिंतीसारखी उभी राहिलीस म्हणून झाले. ते कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिले."

ताईनं पान बाजूला सारलं. "माझं मन राखायला खोटं कशाला लिहितेस, चिमे?"

"खोटं? मग या लाल फुल्या बघ. अकरा वेळा भिंत व्हायला उशिरा पोचलीस, म्हशीसारखी डुलत!"

ताई फुल्या मोजत राहिली. मग डोळे पुसत चिमीच्या शेजारी सरकली. "नऊच असतील. लाव मॅच."